महंमद अली: बॉक्सर नंबर एक, पण 'चळवळीतला माणूस' खरंच होता का?

तळ्यातमळ्यात (धागाकर्ता)

भाच्याच्या शाळेच्या हॉलमधे एक भलामोठा फ्लेक्स आहे, 'अन्यायाविरुद्ध लढलेले' का असंच काहीतरी शीर्षक, त्यात गांधीजी, मार्टिन ल्यूथर किंग, मंडेला आणि चौथा फोटो महंमद अलीचा. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय म्हणून धागा काढतोय. बॉक्सर म्हणून त्याच्याबद्दल माझा काडीचा वाद नाही हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद त्यावरच येतील. १९६० ला रोममधे अठराव्या वर्षी ऑलिंपिक गोल्ड, १९६४ ला बाविसाव्या वर्षी सनी लिस्टनला बसवून वर्ल्ड चॅम्पियन (सट्टेवाले तेव्हा लिस्टनच्या बाजूने ७ ला १ होते), मग परत दोनदा टायटल मिळवलं. ६१ फायटी, ५६ जिंकल्या. मान्य आहे सगळं.

प्रश्न त्या फ्लेक्सचा आहे. चळवळीसाठी या माणसाने नक्की केलं काय?

१९६३ साल घ्या. बर्मिंगहॅममधे शाळकरी काळ्या पोरांवर पोलिसांनी कुत्रे सोडले, बंबाचे पाईप सोडले, किंग जेलमधे जाऊन आले. तिथे कुठला बॉक्सर गेला? फ्लॉइड पॅटरसन. बेसबॉलवाल्या जॅकी रॉबिन्सनबरोबर स्वतः गेला तो. आपले अलीसाहेब, म्हणजे तेव्हाचे कॅशियस क्ले, एकाही मोर्चात नाहीत, ते नेशन ऑफ इस्लाम या काळ्यांच्या पंथाच्या सभांना गुपचूप जात होते, आणि नेशनचं म्हणणं काय तर गोरे-काळे एकत्र राहूच शकत नाहीत, आम्हाला वेगळं काढून द्या. म्हणजे किंगच्या बरोब्बर उलट. १९७१ ला ब्रिटिश टीव्हीवर मायकेल पार्किन्सनसमोर बसून हा माणूस हसतखेळत सांगतोय की गोऱ्या-काळ्यांनी आपसात लग्नं करू नयेत. हेच कुणी गोरा पुढारी बोलला असता तर त्याचा फोटो शाळेत लागला असता का?

बरं, ज्या पॅटरसनचं वर लिहिलं त्याला नोव्हेंबर १९६५ मधे रिंगात १२ राऊंड खेळवत खेळवत मारला, पाठ धरली होती बिचाऱ्याची, कारण काय तर तो अलीला जुन्या नावाने 'क्ले' म्हणत राहिला. आणि नेशनचा गाजलेला वक्ता माल्कम एक्स? लिस्टनच्या फायटीआधी मायामीत जो सावलीसारखा बरोबर होता तो नेशनमधून बाहेर पडला आणि मे १९६४ मधे घानात दोघं समोरासमोर आले तेव्हा अलीने त्याला झटकून टाकला. नऊ महिन्यात माल्कमचा खून झाला.

राहिलं व्हिएतनाम. नाही म्हणाला, हे खरं. पण ती तर पंथाची लाईन होती, नेशनचा प्रमुख एलिजा महंमद स्वतः दुसऱ्या महायुद्धात सैन्याला नाही म्हणून जेलमधे बसला होता. आणि १९६४ ला सैन्याच्या लेखी परीक्षेत अली नापास झाला तेव्हा सुटलाच होता की. १९६६ ला पासिंगची लाईन खाली आणली, नाव परत यादीत आलं, तेव्हा तत्त्व आठवलं.

तर माझं म्हणणं, महान खेळाडू, धाडसी माणूस, तोंडाळ पण गोड. चळवळीतला म्हणू नका. कामं दुसऱ्यांनी केली, फोटो याचा लागला. बोला.

उगवतीचा वारा

पूर्ण असहमत. आणि तुम्ही तारखा निवडून निवडून दिल्यात म्हणून मीपण तारखाच देतो.

'व्हिएतकाँगशी (तिथे अमेरिकेविरुद्ध लढणाऱ्यांशी) माझं काही भांडण नाही' असं अली बोलला तो फेब्रुवारी १९६६. किंग व्हिएतनामविरुद्ध न्यूयॉर्कच्या रिव्हरसाईड चर्चमधे सगळं बाहेर काढून बोलले ते ४ एप्रिल १९६७. म्हणजे वर्षाहून जास्त आधी, आणि किंगनासुद्धा त्या भाषणावरून मोठमोठ्या पेपरांनी सोलून काढलं होतं. तेव्हा युद्धाला विरोध करणं म्हणजे कॉलेजमधे गिटार वाजवण्याइतकं सोपं झालं नव्हतं हो. त्या एका वाक्यानंतर शिकागोतली फाईट रद्द झाली, एकेक शहर नाही म्हणत गेलं, शेवटी देश सोडून टोरांटोला जाऊन जॉर्ज चुव्हालोशी खेळावं लागलं.

मग २८ एप्रिल १९६७, ह्यूस्टन. नाव पुकारलं की एक पाऊल पुढे टाकायचं, झाला सैनिक. पुन्हा पुन्हा पुकारलं, हा जागचा हलला नाही. खटला उभा राहायच्या आत, त्याच दिवशी, न्यूयॉर्कच्या बॉक्सिंग कमिशनने लायसन्स काढून घेतलं, टायटल गेलं. २० जूनला सगळ्या गोऱ्या ज्यूरीने दोषी ठरवला, ५ वर्षं कैद, १० हजार डॉलर दंड, पासपोर्ट जप्त. वय २५. साडेतीन वर्षं रिंग बंद. बॉक्सरची २५ ते २८ ही वर्षं म्हणजे काय ते या धाग्यावर कोणीतरी जाणकार सांगेलच.

आता 'पंथाची लाईन' म्हणालात ते. १९६९ ला अली टीव्हीवर म्हणाला की पैसे लागतात, परत बॉक्सिंग करीन, तर त्याच एलिजा महंमदने त्याला संघटनेतून सस्पेंड केलं. म्हणजे सरकार विरुद्ध, बॉक्सिंगवाले विरुद्ध, आणि आता स्वतःचा पंथपण विरुद्ध. नुसती लाईनच पाळत असता तर तेव्हा सरकारशी तडजोड करून मोकळा झाला असता की! तरी बदलला नाही. हे कुणाच्या सांगण्यावरून चाललं होतं मग?

मोर्चात नव्हता म्हणता, मार्च १९६७ ला लुईव्हिलमधे, त्याच्याच गावात, घरं भाड्याने देण्यातल्या भेदभावाविरुद्ध आंदोलन पेटलं होतं तेव्हा हा आणि किंग तिथे भेटलेत, पत्रकारांसमोर एकत्र उभे राहिलेत. १० हजार मैलांवर जाऊन दुसऱ्या गरीब लोकांची घरं का जाळू, इथे माझ्या गावात माझ्या लोकांना कुत्र्यासारखं वागवतात, अशा अर्थाचं तिथे बोललाय तो. ह्याला चळवळ नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? सतरंज्या उचलायला?

चहाबिस्कीट

+१ उगवतीचा वारा. शिवाय तो ब्लॅक पँथर होता ना, ज्यावरून आपल्याकडे ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी १९७२ ला दलित पँथर काढली. म्हणजे आपलापण संबंध आहेच.

खडूस काकू

अहो चहाबिस्कीट, तो पँथर कधीच नव्हता. ब्लॅक पँथर पार्टी ऑकलंडची, १९६६ ची, बंदुका आणि डावं राजकारण. नेशन ऑफ इस्लाम म्हणजे सूट-टाय, डुक्कर-दारू बंद, आणि बायकांनी अंगभर कपडे. दोन टोकं आहेत. नाव घ्यायच्या आधी जरा बघत जा.

आणि बायकांचा विषय निघालाच आहे तर, एवढे दोन मोठे प्रतिसाद झाले, बायकांबद्दल कोणी चकार शब्द नाही! पहिली बायको सॉन्जी रॉय, तिने नेशनच्या नियमाचे कपडे घालायला नकार दिला, १९६६ च्या सुरुवातीला घटस्फोट. स्वतःचं मत ठेवणारी बाई चालली नाही. दुसरी बेलिंडा, चार मुलांची आई, ही घरी आणि नवरा १९७५ ला मनिलामधे तिसरीला बायको म्हणून मिरवतोय, तेही फिलिपाइन्सचा हुकूमशहा मार्कोसच्या राजवाड्यात. बेलिंडा विमानाने तिथे गेली, हॉटेलात जे काय बोलायचं ते बोलली आणि आल्या पावली परत. चार लग्नं, नऊ मुलं. जगाच्या अन्यायाशी लढणारा घरात कसा होता हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही, ठाऊक आहे मला.

त्याला बायकांनी बॉक्सिंग केलेलंही पसंत नव्हतं, आणि मुलगी लैला १९९९ ला प्रोफेशनल झाली, २४ पैकी २४ जिंकून रिटायर झाली. बापाला जमलं नाही ते, एकही हार नाही.

तळ्यातमळ्यात

काकू, तुम्ही माझ्या बाजूच्या का विरुद्ध?

खडूस काकू

मी माझ्या बाजूची.

रिंगसाईड

जाणकार म्हणून कोणी हाक मारली म्हणून लिहितो. जाणकार वगैरे नाही, कॉलेजात असताना चार वर्षं हातमोजे घातलेत आणि नाक एकदा मोडून घेतलंय, तेवढीच पात्रता.

लोक अलीच्या फायटी म्हणून किन्शासा आणि मनिला बघतात. ते दोन्ही म्हातारा अली आहे. खरा अली बघायचा तर १४ नोव्हेंबर १९६६, ह्यूस्टनचं ॲस्ट्रोडोम, क्लीव्हलंड विल्यम्सविरुद्ध. तीन राऊंड. आमचे सर ती फाईट दाखवायचे आणि शेवटी दटावायचे की यातलं काहीएक करायचं नाही. कारण सगळं चुकीचंय त्यात! हात कमरेला, गार्ड नाहीच, पंच आला की खाली वाकायचं सोडून मागे मान काढतो, उलट्या दिशेला पळतो. दुसरा कोणी असं करेल तर पहिल्या मिनिटात झोपेल. याचे पाय आणि नजर अशी होती की समोरच्याचा पंच चार बोटं कमी पडायचा. हेवीवेटमधे तेवढ्या वजनाचा माणूस असा नाचताना त्याआधी कोणी पाहिला नव्हता.

मार्च १९६७ ला झोरा फॉलीशी शेवटची फाईट आणि मग थेट ऑक्टोबर १९७० ला ॲटलांटात जेरी क्वारी. परत आला तो दुसराच माणूस होता, पाय गेलेले. आणि पाय गेल्यावर त्याला एक घातक शोध लागला की आपण मार खाऊ शकतो. पहिला अली मार चुकवायचा, दुसरा अली मार खाऊन जिंकायचा. १९७३ ला केन नॉर्टनने जबडा मोडला तरी शेवटपर्यंत उभा. ३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासात जॉर्ज फोरमनला सात राऊंड दोराला रेलून हाणू दिलं आणि आठव्यात पाडला, सगळं जग टाळ्या वाजवतंय, पण ते पंच कुठे गेले? हातांवर, बरगड्यांवर, मूत्रपिंडावर, आणि काही डोक्यावरपण. जिममधेही स्पॅरिंगला मुद्दाम मार खायचा, म्हणे अंग पक्कं होतं. १९७७ ला अर्नी शेव्हर्सच्या फायटीनंतर डॉक्टर फर्डी पाचेकोने किडनीचा रिपोर्ट घरच्यांना आणि मॅनेजरला पाठवला, कोणी उत्तर दिलं नाही म्हणून तो टीम सोडून गेला. त्यानंतरही चार फायटी खेळला हा. १९८० ला लॅरी होम्सविरुद्ध तर बघवत नाही, होम्स स्वतः नंतर रडला. १९८४ ला पार्किन्सनचा आजार निघाला.

आता डॉक्टर लोकांत पंचांनीच झालं की नाही यावर एकमत नाही, असेल. पण माझ्यासारख्याला दिसतं ते असं, की साडेतीन वर्षं रिंग बंद ठेवली नसती तर चांगल्या पायांची वर्षं कमाईत गेली असती, आणि कदाचित ३९ पर्यंत मार खात राहायची वेळ आली नसती. हे धरून हिशोब करा मग सांगा मोर्चात गेला होता का नाही. बाकी राजकारण मला कळत नाही.

नागपुरी संत्रं

रिंगसाईड भाऊ प्रतिसाद एकच नंबर. पण तुम्ही सगळे जो फ्रेझर विसरून राहिले राव.

मला धागाकर्त्याचं एक पटते, अलीने सगळ्यात जास्त त्रास काळ्या माणसांनाच दिला. फ्रेझर कोण होता तर साऊथ कॅरोलिनात बोफर्टच्या शेतमजुराचं पोरगं, बापाला एक हात नाही, शेवटी फिलाडेल्फियात कत्तलखान्यात काम. अलीचा बाप साईनबोर्ड रंगवायचा, आई घरकामाला जायची पण लुईव्हिलमधे स्वतःचं घर होतं, आणि प्रोफेशनल झाल्याझाल्या मागे उभे ११ गोरे शेटजी. आता सांगा यातला 'गोऱ्यांचा माणूस' कोण? अलीवर बंदी होती तेव्हा फ्रेझरने त्याला पैसे दिले, लायसन्स परत द्या म्हणून याच्यासाठी बोलला. आणि ८ मार्च १९७१ च्या फायटीआधी अलीने काय केलं तर याला 'अंकल टॉम' म्हणून गावभर बोंब, म्हणजे गोऱ्यांपुढे लाचार. त्याच्या पोराला शाळेत त्रास झाला त्यावरून. फ्रेझरने रिंगात उत्तर दिलं, पंधराव्या राऊंडला डाव्या हुकने आडवा केला, पण लोकांच्या मनात तो गोऱ्यांचाच राहिला.

आणि मनिला! १९७५ ला खिशात रबरी गोरिला घेऊन फिरला हा माणूस, पत्रकारांसमोर त्या खेळण्याला ठोसे मारून दाखवायचा, हा बघा फ्रेझर. काळ्या माणसाने काळ्या माणसाला माकड म्हणायचं आणि गोऱ्या पत्रकारांनी हसायचं. हे करणाऱ्याला वंशवादाविरुद्ध लढणारा कसा म्हणायचं? तिकीट विकायला केलं म्हणतात. हो का. १४ राऊंड झाल्यावर फ्रेझरला काही दिसत नव्हतं म्हणून त्याचा कोच एडी फचने त्याला स्टुलावरून उठू दिलं नाही, ती फाईट संपली पण फ्रेझरची चीड २० वर्षांनीबी संपली नाही. १९९६ ला अली थरथरत्या हाताने ॲटलांटाची ज्योत पेटवून राहिला आणि सगळं जग रडून राहिलं तेव्हा फ्रेझर जे बोलला ते इथं लिहवत नाही. २००१ ला अलीने पेपरवाल्याकडे माफी मागितली. पेपरवाल्याकडे!

त्याच वर्षी दोघांच्या पोरी रिंगात एकमेकींविरुद्ध उतरल्या, ते एक वेगळंच.

काळा कोट

'लेखी परीक्षेत नापास, मग तत्त्व आठवलं' हा धाग्यातला मुद्दा ऐकायला चटपटीत आहे पण कागदपत्रं वेगळं सांगतात. त्याने सद्सद्विवेकबुद्धीने आक्षेप घेणारा म्हणून सूट मागितली तेव्हा १९६६ ला रीतसर सुनावणी झाली, समोर लॉरेन्स ग्रॉमन म्हणून केंटकीचे रिटायर्ड न्यायाधीश. वयस्कर गोरे दक्षिणी गृहस्थ, त्यांनी सगळं ऐकून लिहून दिलं की हा माणूस प्रामाणिक आहे, सूट द्या. न्याय खात्याने ती शिफारस बाजूला सारली आणि भरती बोर्डाला उलटा सल्ला दिला. ढोंगी आहे हे सरकारनेच नेमलेल्या माणसाला पटलं नव्हतं, ते आज आपण ठरवायला निघालोय.

सुप्रीम कोर्टाची आतली हकीकत नंतर बाहेर आली ती तर भारीच आहे. न्या. थरगूड मार्शल या केसमधून बाजूला, राहिले आठ. पहिल्यांदा मत पडलं ५ विरुद्ध ३, म्हणजे अली जेलमधे. निकाल लिहायचं काम न्या. हार्लनकडे, त्यांच्या हाताखालच्या तरुण क्लार्कने त्यांना नेशनचं साहित्य वाचायला लावलं, आणि हार्लन फिरले. झालं ४-४. बरोबरी म्हणजे खालचा निकाल कायम, तरी जेलच. मग न्या. स्टुअर्टनी वाट काढली, की बोर्डाने सूट नाकारताना तीन कारणांपैकी कुठलं हे सांगितलेलंच नाही, आणि त्यातली दोन कारणं तर सरकारने कोर्टात स्वतःच सोडून दिलीत. २८ जून १९७१, ८ विरुद्ध ०.

तळ्यातमळ्यात

म्हणजे टेक्निकल मुद्द्यावर सुटला. तत्त्वाचा विजय वगैरे काही नाही, हेच तर म्हणतोय मी.

काळा कोट

सुटला टेक्निकल मुद्द्यावर, पण अडकला होता तो टेक्निकल मुद्द्यावर नाही. आणि सुटेल हे १९६७ ला त्याला माहीत नव्हतं, पाच वर्षं डोक्यावर धरूनच उभा होता. निकाल काय लागला त्यावरून धैर्य मोजायचं नसतं साहेब, नाहीतर आमच्या अर्ध्या अशिलांना शूर म्हणावं लागेल.

बाय द वे, याला निरुपद्रवी बोलघेवडा समजणाऱ्यांसाठी: अमेरिकन गुप्तचरांच्या ज्या यादीतल्या लोकांचे परदेशी फोन ऐकले जात होते त्यात किंग होते आणि अलीपण होता. २०१३ ला ती कागदं खुली झाली.

लेक मिशिगन

इथे अमेरिकेत राहून दोन दशकं होत आली, लुईव्हिलला दोनदा गेलेय. डाउनटाऊनला त्याच्या नावाचं म्युझियम, जवळच महंमद अली बुलेव्हार्ड, आणि आता एअरपोर्टलाही त्याचंच नाव. त्याचं लहानपणीचं घर वेस्ट एंडला आहे, ग्रँड ॲव्हेन्यूवर. म्युझियममधून त्या घराकडे गाडीने निघा आणि रस्त्यात दुकानं कशी विरळ होत जातात ते बघा. गावाने नाव दिलं, वस्ती होती तिथेच आहे. ह्यात अलीचा दोष नाही पण फ्लेक्स लावणाऱ्यांनी विचार करावा.

माझ्या आधीच्या ऑफिसात एक सीनियर होते, काळे, व्हिएतनामला जाऊन आलेले. सगळं ऑफिस अली गेला तेव्हा, जून २०१६ ला, हळहळत होतं, हे गप्प. विचारलं तर एवढंच म्हणाले, यादीत त्याची जागा कोणीतरी भरलीच ना. त्या वेळी संरक्षणमंत्री मॅकनामाराने पासिंगची लाईन खाली आणली म्हणून जी पोरं उचलली गेली ती बहुतेक गरीब होती, खूपशी काळी होती, आणि त्यांच्यासाठी कुठला वकील, कुठलं सुप्रीम कोर्ट. ते शेवटपर्यंत 'क्ले' म्हणायचे. मला ते पटलं नाही, पण चूक आहेत असं त्यांच्या तोंडावर म्हणायची माझी हिंमतही झाली नाही.

आणि नंतरचा अली तर फारच सोयीचा होत गेला. १९८४ ला रेगनला पाठिंबा. २००५ ला बुशच्या हातून मोठं नागरी पदक, तेही इराक युद्ध ऐन भरात असताना. २००६ ला स्वतःच्या नावाचे आणि फोटोचे ८० टक्के हक्क एका कंपनीला ५ कोटी डॉलरला विकले. बोलणं बंद झालं आणि सगळ्यांचा लाडका झाला, हे कोणालाच खटकत नाही? बोलत होता तेव्हा अर्धा देश त्याला शिव्या घालत होता. (त्यातल्या त्यात, १९९० ला बगदादला जाऊन सद्दामकडून १५ अमेरिकन ओलिसांना घेऊन आला, आजारी असताना, ते मात्र मनापासून केलेलं. ते म्युझियमबाहेर फारसं कोणी बोलत नाही.)

उगवतीचा वारा

@लेक मिशिगन, त्या सीनियरांबद्दल आदर ठेवून, 'कोणीतरी गेलंच ना' हा राग अलीवर काढण्यात काय अर्थ आहे, लाईन खाली आणली मॅकनामाराने. आणि अलीला तरी कुठे बंदूक धरायला पाठवणार होते? जवानांपुढे प्रदर्शनी फायटी खेळ, फोटो काढ, टायटल ठेव, अशी ऑफर होती. आधीच्या वर्ल्ड चॅम्पियन जो लुईसारखं.

आता जो लुईचं काय झालं ते बघा. दुसऱ्या महायुद्धात आनंदाने भरती झाला, १९४२ ला दोन फायटींची कमाई लष्कराच्या आणि नौदलाच्या मदतनिधीला देऊन टाकली, जवळपास शंभर प्रदर्शनी फायटी खेळला. देशभक्त नंबर एक. युद्ध संपल्यावर इन्कम टॅक्सवाले त्याच्या मागे लागले ते लागलेच, व्याजावर व्याज, म्हातारपणी कर्जापायी कुस्ती खेळला, शेवटी लास व्हेगासच्या कसिनोच्या दारात येणाऱ्याजाणाऱ्याशी हात मिळवायची नोकरी. अलीने हे डोळ्यासमोर बघितलं होतं. 'होय' म्हणणाऱ्याला काय मिळतं ते ठाऊक होतं त्याला.

नागपुरी संत्रं

गंमत म्हणजे जो लुई अलीच्या विरुद्ध बोलला होता.

उगवतीचा वारा

बोलला होता, आणि तेपण एक दुःखच आहे.

चहाबिस्कीट

अवांतर होईल पण राहवत नाही. आपले खेळाडू असं कधी बोलतील का? मे २०२३ ला साक्षी मलिक, विनेश, बजरंग हरिद्वारला मेडल गंगेत सोडायला गेले तेव्हा सगळे अलीची आठवण काढत होते, त्याने पण गोऱ्यांच्या हॉटेलात वाढलं नाही म्हणून गोल्ड मेडल ओहायो नदीत फेकलं होतं.

रिंगसाईड

ते नदीचं आत्मचरित्रात आलंय, पण जवळच्या लोकांनीच नंतर सांगितलं की मेडल हरवलं होतं. १९९६ ला ॲटलांटात त्याला दुसरं दिलं. हॉटेलात वाढलं नाही यावर मात्र शंका घ्यायचं कारण नाही, लुईव्हिलमधे तेव्हा तेच चालायचं. कुस्तीपटूंचं म्हणाल तर त्यांना अलीची उपमा द्यायची गरज नाही, त्यांचं त्यांनी स्वतःच्या हिमतीवर केलं.

खडूस काकू

आणि त्यातल्या दोघी बाया होत्या, नोंद असू द्या.

तळ्यातमळ्यात

बरीच चर्चा झाली, मजा आली. व्हिएतनामबद्दल काळा कोट यांनी दिलेली माहिती चांगली आहे पण माझा मूळ प्रश्न कोणी खोडलेला नाही. एका माणसाने एकदा ठाम नाही म्हटलं, किंमत मोजली, वंदन. पण चळवळ म्हणजे लोकांना बरोबर घेऊन जाणं. याने कोणाला बरोबर घेतलं? पॅटरसनला तुडवला, फ्रेझरला माकड केला, माल्कमला सोडला. माल्कमकडे पाठ फिरवल्याची खंत लिहिली ती २००४ ला, ४० वर्षांनी.

आणि स्वतःचं डोकं वापरायचा म्हणता तर १९८० चं काय? तेव्हा तो आपल्याकडेच होता, मद्रासला जिमी एलिसबरोबर प्रदर्शनी फाईट, एमजीआर स्टेजवर, तुफान गर्दी. तिथूनच अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी विमानात बसवून आफ्रिकेत पाठवला, मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार टाका म्हणून सांगायला. ज्या सरकारने जेलमधे घालायला बघितलं त्याच सरकारचा पोस्टमन! टांझानियात राष्ट्राध्यक्ष नायरेरे भेटलेसुद्धा नाहीत.

रिंगसाईड

अर्धीच गोष्ट सांगताय. दार-एस-सलामला पत्रकारांनी त्याला विचारलं, की १९७६ ला न्यूझीलंडची रग्बी टीम वर्णभेदवाल्या दक्षिण आफ्रिकेत खेळायला गेली म्हणून आम्ही माँट्रियलवर बहिष्कार टाकला तेव्हा तुझी अमेरिका कुठे होती? याने सरळ सांगितलं की हे मला कोणी सांगितलंच नाही, मला वापरून घेतायत की काय असं वाटायला लागलंय. अमेरिकन सरकारच्या विमानाने आलेला, सरकारी माणसं शेजारी उभी, आणि हे माईकसमोर. दुसरा एखादा सरकारी दूत असं बोललेला दाखवा, मग आपण फ्लेक्सवरून फोटो काढायचं बघू.

खडूस काकू

फोटो राहू दे, शेजारी पॅटरसनचा लावा. आणि पोरांना दोघांची फाईट दाखवा, म्हणजे प्रश्न विचारतील.

नागपुरी संत्रं

फ्रेझरचाबी लावा मंग. फ्लेक्स लहान पडन.